आधी पत्रा बघा, मग रंग

जुनी गाडी घरात आली, इंजिनाचं काम झालं, ब्रेक धरायला लागले, की मालकाची नजर रंगावर जाते. बॉनेट पांढुरकं पडलेलं, दारांच्या खालच्या कडेला फुगे, मडगार्डवर एकाच रंगाच्या तीन छटा. पूर्वी यावर एकच इलाज होता. भरवशाचा पेंटर गाठायचा आणि दोन महिने गाडीचं नाव काढायचं नाही. आता मोठ्या शहरांत गाडीला रंगीत फिल्म चढवणारी, म्हणजे रॅपची दुकानं झाली आहेत आणि तिथला सौदा मोहात पाडणारा असतो. चार-पाच दिवसांत गाडी परत, हवा तो रंग, हवी ती चकाकी, आणि वर आश्वासन की कंटाळा आला तर फिल्म सोलून टाका, खालचा रंग होता तसा मिळेल.

नव्या गाडीपुरतं हे आश्वासन खरं आहे. कारखान्याच्या भट्टीत भाजलेला रंग पत्र्याला घट्ट धरून असतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीवर कोणता रंग, कितव्यांदा, कुणी आणि कशावर मारलाय हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून रॅप की रंग, हे ठरवायच्या आधी आज गाडीवर जे आहे ते काय आहे, हे शोधावं लागतं. माझ्या मते निम्म्याहून अधिक निर्णय तिथेच होऊन जातो.

आपल्या ओळखीची गाडी घेऊ, प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाट ११०० डिलाइट, सत्तरच्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी, अशी नावं बदलत गेली. घराघरांत मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. खासगी पद्मिनी अजूनही जुन्या सोसायट्यांत कव्हराखाली उभ्या दिसतात.

या गाडीला वेगळी चासी नाही. मूळ इटालियन ११०० प्रमाणेच तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. याला मोनोकॉक म्हणतात. दारांच्या खालून पुढून मागे जाणारी पत्र्याची पोकळ पेटी ही शोभेची पट्टी नसून गाडीचं वजन पेलणारा भाग आहे. तिथे पावसाचं पाणी साचतं, चिखल बसतो, आणि समुद्राकाठच्या गावात खारी हवा उरलेलं काम करते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो वरच्या रंगाला आतून ढकलतो. आपल्याला दिसतो तो छोटा फुगा. नखाने खरवडला तर कधी कधी नख थेट आत जातं.

तेव्हा पहिली तपासणी खाली बसून करायची. दारांखालची पेटी, पुढच्या चाकामागचं मडगार्ड, हेडलाइटभोवतीची गोलाई, विंडस्क्रीनच्या रबराखालची कड, डिकीतली स्टेपनीची जागा आणि जॅक लावायचे बिंदू. सोबत एक साधं लोहचुंबक घ्या आणि ते पातळ फडक्यात गुंडाळा, म्हणजे ओरखडे येणार नाहीत. पत्र्यावर ते टपकन चिकटतं. जिथे जाड लांबी भरलेली असते तिथे ते पकड धरत नाही, हातातून घसरतं. लांबी म्हणजे गॅरेजवाल्यांची पुट्टी. जुन्या पद्मिनीवर असं चुंबक फिरवत नेलं की मागच्या मालकांच्या सगळ्या ठोकाठोकीचा नकाशाच हाताला लागतो. इथे उजवीकडून कुणीतरी घासलं, इथे खांबाला लागली, इथे पत्रा बदलायच्या ऐवजी कुणीतरी ‘साहेब, थोडी लांबी मारून देतो’ म्हणाला आणि साहेब हो म्हणाले.

ज्याला नेमकेपणा हवा त्याने रंगाची जाडी मोजणारं यंत्र आणावं. कारखान्याचा रंग, प्रायमरसकट, साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आकडा ३०० च्या पुढे गेला की वरून पुन्हा रंग झालाय असं समजावं. हजाराच्या पुढे गेला की त्या जागी लांबीचाच थर आहे.

दुसरी तपासणी फडक्याची. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं सौम्य पॉलिश घ्यायचं आणि बॉनेटच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर हलक्या हाताने गोल फिरवायचं. फडकं गाडीच्या रंगाचं झालं, हिरव्या गाडीवर हिरवं, लाल गाडीवर गुलाबी, तर रंग एकस्तरीय आहे, म्हणजे वर पारदर्शक क्लिअर कोट नाही. हल्लीच्या गाड्यांना रंगाचा पातळ थर आणि त्यावर क्लिअर कोट असतो, ही पद्धत ऐंशीच्या दशकात जगभर रुळली. त्याआधीच्या साध्या, बिनमेटॅलिक रंगांत चमक आणि रंग एकाच थरात असत. उन्हाने त्या थरातला बांधून ठेवणारा पदार्थ झिजतो, रंगद्रव्य मोकळं होऊन भुकटीसारखं वर राहतं, आणि तोच तो पांढुरकेपणा. फडक्यावर येते ती ही मेलेली भुकटी. तिच्याखाली बहुधा चांगला रंग शिल्लक असतो.

अनेक मालकांची दिशाभूल इथे होते. ‘रंग गेला’ असं ज्याला ते म्हणतात तो पुष्कळदा गेलेला नसतो, वरून फक्त मेलेला असतो. तेलकट पॉलिश, भरपूर धीर आणि दोन रविवार, एवढ्यावर मूळ रंग पुष्कळसा परत येतो. मात्र बॉनेटच्या धारा आणि पॅनेलच्या कडा घासू नयेत. तिथे थर सगळ्यात पातळ असतो, पत्रा उघडा पडायला वेळ लागत नाही. रबिंग मशिन तर नवशिक्याच्या हातात देऊच नये.

मूळ रंग शाबूत निघाला, जागोजागी खरचटलेला का असेना, तर माझा सल्ला सरळ आहे: रॅपही नको आणि रंगही नको. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या जाणकारांचं मत गेल्या काही दशकांत याच बाजूला झुकलं आहे. जुन्या वाहनांच्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तुरीनच्या नावाने एक सनद स्वीकारली. पुनर्निर्मितीपेक्षा जतनाला अग्रक्रम द्यावा आणि केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवावा, हा तिचा गाभा. बाजारही हेच सांगतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला आर्तक्यूरिआलच्या लिलावात बाय्यों कुटुंबाच्या संग्रहातली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर विकली गेली. वर्षानुवर्षं ती शेडमध्ये पडून होती, वर मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. लिलावात ती धुळीसकट मांडली आणि १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किंमत आली. पद्मिनीला असा भाव येणार नाही, हे उघड आहे. पण कुर्ल्याहून निघालेला रंग अंगावर असलेल्या पद्मिनी दरवर्षी कमीच होणार आहेत. एकदा घासून काढलेला रंग कोणत्याही पैशाने परत आणता येत नाही.

आता रॅप म्हणजे काय ते पाहू. ती पीव्हीसीची पातळ फिल्म असते, मागे दाबाने चिकटणारा गोंद. तिचे दोन प्रकार आहेत आणि दुकानदार ते आपण होऊन सांगेलच असं नाही. स्वस्त प्रकारात गरम रोलरमधून प्लास्टिक लाटून फिल्म काढतात. लाटताना ते ताणलेलं असतं, म्हणून पुढे उन्हात ते आपल्या मूळ आकाराकडे आकसू पाहतं, आणि कडा सुटतात. महागड्या प्रकारात पातळ द्रव कागदावर ओतून भट्टीत सुकवतात. ही ओतीव फिल्म साधारण ५० मायक्रॉनची, मऊ आणि ताण नसलेली, गोलाईवर नीट बसणारी. जुन्या गाडीला दुसरीच हवी. पद्मिनीची हेडलाइटभोवतीची भुवई, अँबॅसिडरचं फुगीर मडगार्ड, बीटलची पाठ, या सगळ्या दुहेरी गोलाया आहेत. लाटलेली फिल्म तिथे बसवली तरी बसून राहत नाही.

चांगली ओतीव फिल्म, चांगला कारागीर आणि सावलीतली गाडी असेल तर रॅप पाच-सात वर्षं टिकतो. उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट, टप आणि डिकी मात्र फार आधी हार खातात. फिल्म बनवणाऱ्या कंपन्याही सपाट भागांना उभ्या भागांपेक्षा कमी वर्षांची हमी देतात. प्लास्टिकला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने निघून जातं, फिल्म कडक होते, बारीक चिरा पडतात.

आणि मग सोलायची वेळ येते. ताजी फिल्म हीट गनने कोमट करून कमी कोनात, सावकाश ओढली तर सलग निघते. चार-पाच उन्हाळे खाल्लेली फिल्म नखाएवढ्या तुकड्यांत तुटते आणि गोंद पत्र्यावर राहतो. त्याहून वाईट गोष्ट मडगार्डवर घडते. फिल्मचा पट्टा वर येतो आणि त्याच्या चिकट बाजूला रंगाचा पापुद्रा, त्यामागे करडा प्रायमर, त्यामागे पिवळसर लांबी, असे तिन्ही थर चिकटून येतात. गाडीवर उरतो उघडा, काळसर पत्रा. लांबीची पत्र्यावरची पकड गोंदाच्या पकडीहून कमी असते, इतकंच याचं कारण. हे रॅपवाल्याचं पाप नव्हे. जुन्या, पुन्हा मारलेल्या रंगाची जबाबदारी घेत नाही, असं तो आधीच कागदावर लिहून घेतो.

म्हणजे पेच असा आहे. रॅपचा सगळ्यात मोठा गुण, तो मागे घेता येतो, हा खालचा रंग निरोगी असेल तरच खरा. आणि जुन्या गाडीवर खालचा रंग निरोगी आणि मूळचा असेल, तर तो झाकायचाच कशाला? रंग खराब असेल तर रॅप त्याला झाकतही नाही. पातळ फिल्मखालून खड्डा, घासलेली रेघ, रंगाची तुटकी कड, सगळं उमटतं. चकचकीत फिल्मवर तर जास्तच. ओल आलेल्या भिंतीवर वॉलपेपर लावावा तसा हा प्रकार होतो, कारण फिल्मखाली गंज थांबत नाही. कडांतून शिरलेलं पाणी आत अडकतं, आणि फुगे दिसायचे बंद झाल्यामुळे मालक निर्धास्त होतो. बॉडी हाच सांगाडा असलेल्या गाडीत ही बेफिकिरी सुरक्षिततेवर येते.

आणखी एक व्यावहारिक अडचण. चांगला रॅप लावायचा तर हँडल, बंपर, क्रोमच्या पट्ट्या, रबरं काढावी लागतात. पद्मिनीच्या बाजूच्या पट्टीची क्लिप एकदा तुटली की दुसरी मिळवायला पायपीट ठरलेली. न काढता लावायचं ठरवलं तर कारागीर ब्लेडने गाडीवरच फिल्म कापतो आणि ब्लेडची रेघ रंगात कायमची राहते. यासाठी आत दोरा असलेली टेप मिळते, तो दोरा ओढला की फिल्म ब्लेडशिवाय कापली जाते. दुकानात ती वापरतात का, हे विचारायला लाजू नका. दार उघडल्यावर चौकटीत, बॉनेटखाली आणि डिकीत जुनाच रंग दिसणार, हेही धरून चाला.

रॅप कुठे शोभतो, तेही सांगायला हवं. आधीच्या मालकाने पाच-सहा वर्षांपूर्वी गाडी नीट रंगवली आहे, रंग पक्का आहे, पण भलताच आहे, आणि तुम्हाला पुन्हा रंगवण्याआधी दुसरा रंग डोळ्यांखालून घालायचा आहे. किंवा रॅलीपुरते पट्टे आणि क्रमांक हवेत. किंवा चित्रीकरणापुरता रंग बदलायचा आहे. अशा वेळी रॅपइतकं सोयीचं काही नाही. लावा, काम झालं की वर्षा-दोन वर्षांत काढा.

उरली ती बहुसंख्य गाड्यांची कथा: मूळ रंग कधीच गेलेला, वर तीन-चार हात, खाली लांबी, त्याखाली गंज. तिला रंगच हवा, आणि तोही पत्र्यापासून.

कोणता रंग, हे ठरवण्याआधी थोडा इतिहास, कारण रंगकामात एक क्रांती होऊन गेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडीचे वॉर्निशचे थर वाळायला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. ड्यूपाँटने नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला ‘ड्यूको’ रंग आणला आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सने तो ओकलंड गाड्यांवर वापरला. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि गाड्यांना रंग फुटले. आपल्याकडे ड्यूको हे नाव अजून सुताराच्या तोंडीही असतं. हा रंग लवकर वाळतो, सहज पॉलिश होतो, पण वयाबरोबर ठिसूळ होतो. पावसाळ्यात तो मारू नये. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ पडतो. जुन्या पेंटरांना हे शास्त्र न वाचता माहीत असायचं, आषाढ-श्रावणात ते काम पुढे ढकलत.

आज बहुतेक काम टू-के रंगात होतं, म्हणजे रंग आणि हार्डनर मिसळून. तो कडक, पेट्रोलला न बधणारा आणि टिकाऊ. पण जुन्या ड्यूकोवर तो थेट मारला तर त्याचे सॉल्व्हंट खालच्या थराला उचलतात आणि पृष्ठभाग सुरकुततो. म्हणून जुना थर पूर्ण काढणं आलं. वाळूचा मारा पातळ पत्र्याला वाकवतो, मोठ्या सपाट बॉनेटवर तर नकोच. तिथे केमिकल रिमूव्हर आणि हात. गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, वर इपॉक्सी प्रायमर, मग लागलीच तर पातळ लांबी, सरफेसर, आणि ठोकळ्यावर पाण्याचा पेपर लावून घासाई. शेवटची चमक या घासाईत ठरते. रंगाला पैसे देणारं गिऱ्हाईक घासाईच्या दिवसांवर कुरकुरतं, आणि तिथेच काम बिघडतं.

काम करणाऱ्या माणसाचाही विचार हवा. जुन्या पिवळ्या-लाल रंगद्रव्यांत आणि लाल प्रायमरमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडी घासाई नको, पाणी हवं. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. भोपाळमध्ये गळलेल्या वायूच्या रासायनिक कुळातली, जरी त्याहून वेगळी, ही द्रव्यं आहेत. श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. पोराच्या तोंडाला रुमाल बांधून त्याच्या हाती स्प्रे गन देणाऱ्या गॅरेजला काम देऊ नका. हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ असलेल्याकडे थोडे जास्त पैसे मोजा.

छटा निवडताना मूळ रंग ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या आत शोधा. ऊन न लागलेली खरी छटा तिथे मिळते आणि यंत्राने ती जुळवता येते. क्लिअर कोटचा काचेसारखा झगमगाट पद्मिनीला परका दिसतो. एकस्तरीय टू-के साध्या रंगात मारून घ्या, जुन्या रूपाच्या पुष्कळ जवळ जातो. मोती-चमकीच्या रंगाबद्दल मी काही लिहीत नाही.

कायद्याचं थोडक्यात. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. तो बदलला, मग डब्यातल्या रंगाने असो की रोलवरच्या फिल्मने, तर आरटीओत नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. जुन्या जीपवाल्यांसाठी खास: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. फिल्म लावली म्हणून सुटका होईल, या भ्रमात राहू नये. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे. ती १० वर्षं चालते, आणि गाडी मूळ स्वरूपात, बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली असावी, ही तिची अट आहे.

पेंटरकडे गाडी सोडताना एक अट तेवढी घाला. डिकीच्या आत, स्टेपनीच्या मागे, तळहाताएवढा जुना रंग न घासता तसाच ठेवायला सांगा. उघड्या पत्र्याचे, वेल्डिंगचे, प्रायमरचे फोटो काढा, नव्या रंगाचा कोड आणि डब्यावरचं लेबल गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा. पुढच्या मालकाला चुंबक घेऊन गाडीभोवती फिरावं लागणार नाही.